तळघरातला जॅझ आणि माझी चुकलेली टाळी

पायरीवरचा (धागाकर्ता)

मंडळी, जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी अंगावर यायला नको.

गेल्या आठवड्यात कामासाठी परगावी होतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळ रिकामी. सोबतचा सहकारी म्हणाला, चल, एका ठिकाणी नेतो, पण तिथे गप्पा मारायच्या नाहीत. मला वाटलं हा गृहस्थ वाचनालयात नेतोय. बघतो तर रस्त्यावर एक साधं दार, वर मिणमिणता दिवा, आणि दार उघडल्या उघडल्या थेट खाली जाणारा जिना. आमच्या पुढे एकजण डबल बेस (माणसाएवढं उंच तंतुवाद्य) घेऊन उतरत होता. दर दोन पायऱ्यांनी थांबायचा, बेसची मान भिंतीला घासत नाही ना ते पाहायचा, मग पुढची पायरी. म्हाताऱ्या आत्याला हाताला धरून उतरवावं तसं चाललं होतं. आम्ही मागे मुकाट उभे.

खाली खोली लांबट आणि बुटकी. उंच माणसानं हात वर केला तर छताला लागेल. साठेक माणसं, ताटलीएवढी टेबलं, आणि स्टेज म्हणजे जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. आम्हाला जागा मिळाली ती अगदी पुढे, ड्रम्सच्या बाजूला. माझा गुडघा आणि ड्रमरचा हाय-हॅट (पायानं मिटायची झांजांची जोडी) दाबणारा पाय यांत दोन हातांचं अंतर. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. त्याला सांगावं की नाही, यात माझी पहिली दहा मिनिटं गेली.

चौघेजण होते: टेनर सॅक्सोफोन, पियानो, बेस, ड्रम्स. नमस्कार-चमत्कार नाही, प्रस्तावना नाही. सॅक्सवाल्यानं डोळे मिटून चार चुटक्या वाजवल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं, आणि चौघे एकदम सुरू. पियानोला एक माइक आणि बेसच्या मागे एक लहानसं खोकं, बाकी सगळा आवाज वाद्यातून निघेल तसा. सॅक्सोफोन इतक्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकला. सुराच्या आधीचा श्वास ऐकू येतो. बोटांखालच्या झाकणांची टपटप ऐकू येते. अगदी खालच्या पट्टीत तो हळू वाजवायला लागला की आधी नुसती हवा येते आणि मग त्या हवेतून सूर उगवतो.

दुसऱ्या गाण्याला ड्रमरनं काड्या खाली ठेवून तारांचे ब्रश घेतले. डावा हात चामड्यावर गोल गोल फिरतोय, उजवा मधेच हलके टपके देतोय. सुपात धान्य घोळवताना येतो ना, तसा आवाज. तेवढासा आवाज, पण शेवटच्या टेबलावरचा माणूससुद्धा त्यावर मान हलवत होता.

आता माझी फजिती. तिसरं गाणं संथ होतं. वाजता वाजता तिघे थांबले, सॅक्सोफोन एकटाच राहिला, एका लांब सुरावर आला आणि गप्प झाला. मी भारावलेलो. दोन्ही हात उचलले आणि दणकून दोन टाळ्या, वर "वा!" खोलीत दुसरा आवाज नाही. सॅक्सवाल्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या दोन टाळ्यांच्याच अंतरानं दोन सूर वाजवले. पॅं, पॅं. सगळी खोली हसली, मीही हसलो (दुसरं काय करणार), आणि तेच दोन सूर धरून तो पुढे आणखी मिनिटभर वाजवत राहिला. मग बाकीचे आले आणि गाणं खरोखर संपलं.

तर जाणकारांना माझे प्रश्न. दाद नेमकी द्यायची कधी? समोर कागद नाही, कुणी हात हलवत नाही, मग आता कुणाची पाळी हे त्यांना कळतं कसं? आणि शेवटचा प्रश्न, मधेच सॅक्सवाल्यानं दोनदा स्वतःच्या डोक्यावर थापटी मारली. मला वाटलं डोकं दुखतंय. पण लगेच सगळ्यांचं वाजवणं बदललं. ते काय होतं?

---

वाचनमात्र

पॅं पॅं! हसून हसून पुरेवाट.

---

ठोकताळा

डोकं दुखत नव्हतं हो. गाण्याच्या मूळ चालीला जॅझमध्ये "हेड" म्हणतात. आधी सगळे मिळून हेड वाजवतात, मग एकेकाचा सोलो (एकट्यानं पुढे होऊन आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं), शेवटी पुन्हा हेड. डोक्यावर हात म्हणजे "सोलो पुरे, चालीवर या". अशा खुणा बऱ्याच आहेत. चार बोटं दाखवली तर "आता चार-चार बार (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) वाटून घेऊ": चार बार सॅक्स, चार बार ड्रम्स, पुन्हा चार बार पियानो, पुन्हा ड्रम्स. आपल्या सवाल-जवाबाच्या जवळचं. पण मुरलेल्या मंडळींना खुणाही लागत नाहीत. एखाद्यानं शेवटचे दोन बार जरा विझवत आणले की पुढच्याला कळतं, आपली पाळी आली.

पाळी कशी कळते, याचं मूळ उत्तर साच्यात आहे. मी हौशी ड्रमर, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य हा साचा मोजण्यात गेलंय. जुन्या गाण्यांपैकी बरीचशी ३२ बारांची. आठ-आठ बारांचे चार तुकडे: पहिला, पुन्हा तोच, मग वेगळा (त्याला ब्रिज म्हणतात), मग परत पहिल्यासारखा. एका बारात चार मात्रा, म्हणजे पुरी फेरी १२८ मात्रांची. या फेरीला कोरस म्हणतात. ब्लूज (जॅझमधला आणखी एक जुना साचा) असेल तर १२ बार, ४८ मात्रा. सोलो चालू असताना चाल कुणीच वाजवत नसतं, पण ती चौघांच्याही मनात चालूच असते. सॅक्सवाला कितीही उधळला तरी बेसवाल्याचं बोट त्या त्या बाराच्या कॉर्डवरच (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) पडतं.

घरी करून बघा. ओळखीचं एखादं स्टँडर्ड (सगळे वादक वाजवतात असं जुनं गाणं) लावा आणि सोलोच्या वेळी मूळ चाल मनात गुणगुणत राहा. पहिल्या दोन-तीन वेळा हरवाल. चौथ्यांदा ब्रिजवर सगळे एकत्र वळताना पकडलंत की मग सुटका नाही.

टाळीचं म्हणाल तर प्रत्येक सोलो संपला की टाळी. पुढच्याचं वाजवणं सुरू झालेलं असतं त्यावरच ती पडते, त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. तुमची चूक झाली ती संथ गाण्याच्या शेवटच्या कडेन्झामध्ये. तिथे लय सोडून एकट्यानं वाजवायचं असतं आणि ती जागा फसवण्यासाठीच असते. मीसुद्धा फसलोय, आणि मी तर तेव्हा स्टेजवर होतो.

---

कोमल_निषाद

लेख आवडला. नाडीचं मग काय झालं?

ठोकताळांनी १२८ मात्रा म्हटल्यावर मी हिशेब करून पाहिला. मिनिटाला १६० ठोक्यांची लय धरली तर एक कोरस ४८ सेकंदांचा होतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तनही सावकाश लयीत तेवढ्याच घरात जातं. म्हणजे समेची वाट बघायचा काळ दोन्हीकडे सारखाच, फक्त आपण तो बारा मात्रांत कापतो आणि ते १२८ मध्ये.

पण "जॅझ म्हणजे त्यांचं शास्त्रीय संगीत" असं कुणी म्हणालं की माझी चिडचिड होते. लय-तालाचं नातं जुळेल, स्वराचं नाही जुळत. आपल्याकडे षड्ज एकदा लागला की लागला. तंबोरा तो धरून बसतो, राग ठरलेला, गाणारा त्या घराच्या खोल्या-खोल्यांतून हिंडतो. जॅझमध्ये दर बाराला, नाहीतर दोन बारांना, खालची कॉर्ड बदलते. जो सूर आत्ता घरचा होता तोच पुढच्या क्षणी परका. गाणाऱ्याला हिंडायचंय आणि घरही चालतंय. मला हे कानानं समजायला दोन वर्षं लागली, आणि आजही वेगवान गाण्यात माझा हात सुटतो.

दादही म्हणूनच वेगळी. आपण समेवर "क्या बात है" म्हणतो ते चालू गाण्यात, गाणाऱ्याच्या डोळ्यात बघून. तिथे सोलो पुरा होईपर्यंत थांबतात. तरी लहान खोलीत मधेच एखादा "येस!" किंवा खालच्या आवाजातला हुंकार येतोच, आणि वाजवणाऱ्यांना तो हवा असतो.

---

मागच्या_रांगेतून

सगळे इतके हरखलेत म्हणून विरोधी सूर लावतो.

मी अशा दोन-तीन ठिकाणी जाऊन आलोय. गुडघे टेबलाखाली मावत नाहीत. खांबाच्या मागे जागा मिळाली तर पियानोवाल्याची फक्त पाठ दिसते, तीही अर्धी. दीड तासाला सेट संपला की पुढच्या खेपेच्या लोकांसाठी बाहेर काढतात. आणि बेसचा सोलो सुरू झाला की अख्ख्या खोलीला एकदम बोलायचं आठवतं. बिचारा बेसवाला सगळ्यांत हळू वाजवतोय, नेमकं तेव्हाच शेजारच्या टेबलावर ग्लासातला बर्फ ढवळणं चालू. यापेक्षा घरी चांगले हेडफोन लावून ऐकलेलं काय वाईट?

---

आडवी_तान

@मागच्या_रांगेतून, ज्या रेकॉर्डिंगांसाठी तुम्ही ते हेडफोन लावणार, त्यातली कितीतरी अशाच तळघरांतली आहेत!

न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब घ्या. मॅक्स गॉर्डननं १९३५ मध्ये सुरू केलं, खोली तिकोनी, बसायची मर्यादा १२३ माणसांची. २५ जून १९६१ च्या रविवारी पियानोवाला बिल एव्हान्स तिथे तिघांत वाजवत होता, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन सेट आणि रात्री तीन, सगळे टेप केलेले. पहिल्याच गाण्याच्या मध्यात वीज गेली आणि रेकॉर्डिंगमध्ये खड्डा पडला, तोही पुढे संपूर्ण संचात जसाच्या तसा छापलाय. ऐकताना मागे ग्लासांची किणकिण येते, कुणी हसतं, कुणी बोलतं. आणि समोर लाफारो बेस असा वाजवतोय, की साथ कोण करतंय आणि गातंय कोण ते ठरवता येऊ नये. ११ दिवसांनी, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला. वय २५. त्या रविवारी तिथे बोलत बसलेल्यांना आपण काय ऐकतोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. ती किणकिण आता त्या संगीताचाच भाग झालीय. कुणी ती पुसून दिली तर मी विकत घेणार नाही.

---

मागच्या_रांगेतून

ताई, साठ वर्षांपूर्वीचा ग्लास गोड वाटतो. शेजारच्या खुर्चीतला वाटत नाही.

---

आडवी_तान

हा हा, मान्य. बेसच्या सोलोला बोलणाऱ्यांची बाजू मी तरी घेणार नाही.

---

वाचनमात्र

बाळबोध प्रश्न: तळघरच का? वर जागा नसते का?

---

आडवी_तान

भाडं कमी आणि शेजाऱ्यांची तक्रार कमी, ही दोन कारणं कुठल्याही शहरात लागू. रात्री एक वाजता ड्रम्स वाजवायचे तर तीन बाजूंनी माती असलेली बरी.

अमेरिकेत आणखी एक कारण जुनं आहे. १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा चोरून चालणारी ठिकाणं लपायला सोयीच्या जागी निघाली, आणि पाहुणे धरून ठेवायला तिथे बँड लागायचे. बंदी उठली तरी खोल्या आणि सवयी राहिल्या. युरोपात हेच वेगळ्या वाटेनं झालं. पॅरिसचं काव्हो द ला ह्युशेत हे दगडी कमानींचं तळघर १९४६ पासून जॅझचं ठिकाण आहे, तिथे बसून ऐकण्यापेक्षा नाचणारेच जास्त. लंडनमध्ये रॉनी स्कॉट आणि पीट किंग या दोन सॅक्सोफोनवाल्यांनी १९५९ च्या ऑक्टोबरात जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात क्लब काढला आणि १९६५ मध्ये फ्रिथ स्ट्रीटवरच्या मोठ्या जागेत नेला. वादकांनी स्वतःसाठी काढलेली जागा म्हणून मला त्याचं विशेष वाटतं.

न्यूयॉर्कच्या कायद्यानं तर या खोल्यांमधलं संगीतच घडवलं. १९४० ते १९६७ या काळात दारू विकणाऱ्या ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांकडून "कॅबरे कार्ड" घ्यावं लागे. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ मध्ये गेलं. पुढच्या वर्षी तिनं न्यूयॉर्कचं मोठं सभागृह कार्नेगी हॉल भरवलं, पण शहरातल्या एखाद्या छोट्या क्लबात गायची तिला परवानगी नव्हती! पियानोवाल्या थेलोनिअस मंकचं १९५१ मध्ये गेलं आणि १९५७ मध्ये परत मिळालं. माणूस तिशीत, डोक्यात नवं संगीत उसळतंय, आणि स्वतःच्या गावात क्लबबंदी. त्याशिवाय परवाना नसलेल्या लहान जागांना तीनच वादक ठेवता येत, तेही ड्रम्स आणि फुंकून वाजवायची वाद्यं सोडून. पियानो आणि बेस अशा दोघांच्या बैठकींना तिथे जी बरकत आली, त्याला आवडीइतकीच ही अडचणही कारणीभूत. १९८० च्या दशकाच्या अखेरीला न्यायालयानं ती बंधनं काढली.

---

तरंगलांबी

संगीतातलं फार कळत नाही, खोल्यांतलं थोडं कळतं. पायरीवरचा, तुम्हाला बेस कसा ऐकू आला? घुमल्यासारखा की कोरडा?

विचारायचं कारण असं. बेसची सर्वांत जाड मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की त्या सुराची तरंगलांबी येते जवळपास सव्वाआठ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत याच्या निम्मं, म्हणजे चार-सव्वाचार मीटर अंतर असेल, तर तो सूर त्यांच्यामध्ये अडकतो. भिंतीपाशी बसलेल्याला तो छातीत जाणवेल, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेला म्हणेल, बेस वाजतोय कुठे? तळघरं अरुंद असतात म्हणून हा त्रास तिथे हमखास. कोपऱ्यात तर दोन भिंतींचा घुमारा एकत्र होतो.

वरच्या पट्टीतल्या आवाजाची मात्र उलट गंमत. तो माणसांचे कपडे पिऊन टाकतात. दुपारी रिकाम्या खोलीत तालीम केली की सिंबल (ड्रम्सची झांज) कान फाडतं, आणि रात्री लोक भरले की तेच सिंबल मऊ. अनुभवी ड्रमर दुपारी ऐकलेलं मनावर घेत नाहीत, असं ऐकून आहे. ठोकताळा सांगतील.

---

ठोकताळा

शंभर टक्के. भरलेल्या खोलीत तर मी काडीसुद्धा बदलतो.

बुटक्या छताचा ड्रमरवर आणखी एक उपकार: जोरात वाजवताच येत नाही. समोरचा माणूस दोन हातांवर असताना रिम-शॉट (ड्रमच्या कडेवर आणि चामड्यावर एकदम मारलेला कडक ठोका) ठोकला तर तो उठून जाईल. मग सगळा जोर राइड सिंबलवर (ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर) जातो. डिंग, डिंग-डि-डिंग. काडीच्या टोकानं, मनगट जवळजवळ न हलवता. ब्रशचा शोधही हळू वाजवायच्या गरजेतूनच, आणि त्याचं मूळ म्हणे तारांच्या माशीमारात आहे. सुपाची उपमा वाचून खूश झालो. गोल फिरणारा डावा हात कधीच उचलायचा नाही, नाहीतर "घोळवणं" तुटतं. शिकवणारे हेच आधी घोटून घेतात.

अवांतर: टाळ्यांचा ठेका धरायचा मोह झाला तर पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर धरू नका! आपला हात समेवर पडायला सोकावलेला. जॅझमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, ड्रमरचा डावा पाय हाय-हॅट मिटतो तिथे. हॅरी कॉनिक ज्युनियर या पियानोवाल्याचं एक चित्रण प्रसिद्ध आहे. श्रोते एक-तीनवर टाळ्या पिटतायत, हा सोलो वाजवता वाजवता एका बारात हळूच पाचवी मात्रा घालतो. श्रोते आपले त्याच चालीनं टाळ्या देत राहतात आणि नकळत दोन-चारवर येऊन बसतात. मागे ड्रमर आनंदानं हात वर करतो. एकाही श्रोत्याला पत्ता नाही.

---

वाचनमात्र

म्हणजे गाणी आधी ठरलेली असतात? की आयत्या वेळी? चार अनोळखी वादक एकत्र येऊन वाजवू शकतात का?

---

ठोकताळा

वाजवतात, रोज वाजवतात. शे-दोनशे गाणी सगळ्यांना पाठ असतात, त्यांनाच स्टँडर्ड म्हणतात. गाण्याचं नाव, पट्टी, लय, तीन शब्दांत बोलणं आटोपतं. पुष्कळदा नावही घेत नाहीत, पियानोवाला चार बार वाजवतो आणि बाकीचे ओळखतात.

त्यात एक मौज आहे. चालीवर मालकी सांगता येते, नुसत्या कॉर्डच्या मांडणीवर सहसा नाही. म्हणून १९४० च्या दशकात बीबॉपवाल्यांनी (बीबॉप म्हणजे तेव्हाची नवी, वेगवान जॅझशैली) जुन्या गाण्यांचे कॉर्ड ठेवून वर नव्या चाली बसवल्या. गर्शविन या संगीतकाराच्या १९३० च्या "आय गॉट रिदम" या गाण्याचे कॉर्ड तर इतके वापरले गेले, की आज "रिदम चेंजेस, बी फ्लॅट" एवढं म्हटलं की सगळे वाजवायला लागतात. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करनं १९४५ मध्ये "चेरोकी" या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर जे केलं ते ऐकून मूळ गाणं ओळखून दाखवा, माझ्याकडून दंडवत.

जॅम सेशनला (कुणीही येऊन वाजवायच्या बैठकीला) नवख्यानं जायचे अलिखित नियम मात्र कडक. गाणं येत नसेल तर स्टेजवर चढू नये. दोन-तीन कोरसांत आटपावं. दुसऱ्याच्या सोलोत लुडबुड नको. माझ्या पहिल्या सेशनला मी ब्रिजच विसरलो. बेसवाले काका माझ्याकडे न बघता दोन कोरस दर आठ बारांनी नुसते भुवया उडवत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

---

कोमल_निषाद

भुवया! आमच्याकडे तबलजी करतात हे.

आडवी_तान, १९६१ चं व्हॅनगार्ड काढलंत म्हणून आठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेननंही तिथेच वाजवलं, सोबत एरिक डॉल्फी हा दुसरा वादक. त्यात "इंडिया" नावाची रचना आहे. वर मी चालतं घर म्हणाले ना, इथे तो ते घर थांबवतो. कॉर्ड जवळजवळ बदलत नाहीत, दोन-दोन बेस खाली एकच आधार धरून आहेत आणि तो वर हिंडतोय. रविशंकरांचं वादन तो मन लावून ऐकायचा, १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नावही रवी ठेवलं, आणि तो रवी आज स्वतः सॅक्सोफोन वाजवतो. मला ते ऐकताना राग-बिग काही सापडत नाही, शोधूही नये. पण तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला जी मोकळीक मिळते ती त्याला हवी होती, एवढं कानाला कळतं.

---

आडवी_तान

अगदी! आणि त्याच्या चार वर्षं आधी, ३ नोव्हेंबर १९५७ ला, सॉनी रॉलिन्स या सॅक्सोफोनवाल्यानं त्याच खोलीत पियानोच काढून टाकला होता. नुसता बेस, ड्रम्स आणि हा. कॉर्ड सांगणारं कुणी नाही, ऐकणाऱ्यानं मनानं भरून घ्यायचे. ठोकताळांनी दिलेला गुणगुणायचा अभ्यास तिथे करून बघा, भलता अवघड आणि भलता मजेचा.

---

मागच्या_रांगेतून

तुम्हा लोकांमुळे काल रात्री ते १९६१ चं एव्हान्सचं ऐकलं. हेडफोन लावूनच. बेसच्या सोलोला मागे एक बाई हसते. राग आला. मग परत तिथेच नेऊन ऐकलं.

खांबाबद्दलचं माझं मत कायम आहे.

---

पायरीवरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. चार दिवस फक्त वाचत होतो. मधल्या काळात काम लांबलं आणि परवा पुन्हा त्याच तळघरात गेलो, या खेपेला एकटाच.

@तरंगलांबी, आधी कोपऱ्यात बसलो. बेस नुसता ढूं ढूं. तुमचं आठवून मध्यंतरात उठलो आणि भिंतीपासून तिसऱ्या टेबलाशी सरकलो. तार, बोट, लाकूड, तिन्ही वेगवेगळं ऐकू यायला लागलं. सरकताना एकाच्या पायावर पाय दिला, पण ते असो.

@कोमल_निषाद, ड्रमर तोच होता. नाडी बांधलेली होती.

बेसच्या सोलोला मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. मागच्या टेबलावर बोलणं सुरू झालं तसं पियानोवाल्यानं वळून पाहिलं, रागानं नव्हे, कोण आलंय ते बघावं तसं. बोलणं थांबलं. मागच्या_रांगेतून यांची आठवण झाली.

मोजलं. मध्यम लयीचं गाणं होतं, टेबलाखाली बोटांवर आठ-आठ करत पहिला कोरस पुरा केला. दुसऱ्यात ब्रिजवर चौघे वळले ते कळलं, अक्षरशः अंगावर काटा आला. तिसऱ्यात ड्रमरनं मधेच कुठेतरी वेडावाकडा तुकडा टाकला आणि मी एकोणिसाव्या बारात होतो की एकविसाव्या, देव जाणे. पुढे सॅक्सवाल्यानं चार बोटं दाखवली, नंतर डोक्यावर थापटी. शेजारच्या अनोळखी बाईंकडे मी उगाचच जाणत्यासारखं बघितलं.

शेवटचं गाणं संथ. पुन्हा तेच: तिघे थांबले, सॅक्सोफोन एकटा, लांब सूर, शांतता. मी यावेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तो थांबलेलाच. मी हलत नाही. आणखी थांबला. माझ्या मनात, अजून कॉर्ड यायचाय, अजून यायचाय. तेवढ्यात सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाणं संपलं होतं. माझे हात मुंग्या येऊन बसलेले, ते सोडवून टाळी वाजवेपर्यंत तो सॅक्सोफोनची मान काढून पेटीत ठेवत होता.